नववीचा पीटीचा तास नक्की कुणाचा?

रावपुरेकरीण
शनिवार, रात्री ९:५०

मंडळी, गेले पंधरा दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय. इथे बडोद्यातले पालक बरेच आहेत, दोन-चार शिक्षकही आहेत, म्हणून लिहिते.

लेक नववीत आहे, चौदावं संपत आलंय. शाळा सीबीएसईची. नाव लिहीत नाही, कुणी ओळखलीच तर कृपा करून इथे लिहू नका. पंधरा दिवसांपूर्वी शनिवारी वाली-मीटिंग (पालकसभा) होती. गणित, सायन्स, सोशल सायन्स, प्रत्येकाच्या रांगेत उभं राहण्यात दोन तास गेले. निघताना दिसलं, पीटीचे सर व्हरांड्याच्या टोकाला टेबल मांडून एकटेच बसलेत, समोर कुणी नाही. वाईट वाटलं म्हणून गेले. सरांनी वही उघडून माझ्याकडे फिरवली. लेकीच्या नावापुढे जूनपासून ओळीने 'बसली', 'बसली', 'बसली'. मधूनमधून 'चिठ्ठी'.

चिठ्ठ्या मी लिहिलेल्या नाहीत.

ही तीच मुलगी, जी सहावीपर्यंत आमच्या पोळीत (गल्लीत) अंधार पडेस्तोवर लंगडी खेळायची आणि हाका मारून माझा घसा बसायचा. घरी येऊन तिला ओरडले नाही. पण त्या दिवसापासून लक्ष देऊन बघायला लागले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबते. दप्तर पायरीवर टेकवते, वाकते आणि बुटाची नाडी बांधतेय असं दाखवते. नाडी सुटलेली नसते. हे कित्येक महिने माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४.

औषध सुरू झालंय, ते डॉक्टर बघतायत. माझा प्रश्न वेगळा आहे. तिच्या वर्गात ५२ मुलं. सरांनीच सांगितलं की दहा-बारा शाळेच्या टीममधली, ती खेळतात. बाकीची चाळीस कडुलिंबाखाली बसून असतात. मग हा तास कुणासाठी आहे? आणि या वयात शरीराबद्दल मुलांना शाळेत काय शिकवलं जायला हवं? तुमच्याकडे काय चालतं ते लिहा.

दहावीचे बाबा
शनिवार, रात्री १०:३५

ताई, मुलीला लवकर बरं वाटो. पण शाळेकडून फार अपेक्षा ठेवू नका असं मनापासून सांगतो. माझा मुलगा दहावीला आहे. पहाटे साडेपाचला उठतो, साडेसहाला ट्यूशन, मग शाळा, संध्याकाळी परत ट्यूशन, झोपायला अकरा. पीटीच्या तासाला गणिताचा जादा तास घेतला तर मला बरंच वाटतं, संध्याकाळचा भार तेवढा हलका होतो. व्यायाम काय, आयुष्यभर करता येतो. बोर्ड एकदाच.

शिट्टी
रविवार, सकाळी ६:१५

मी ३१ वर्षं पीटी शिकवली, शेवटची १८ बडोद्यात. आता निवृत्त आहे. हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी दहावीच्या बाबांना. तुमची ओढाताण मी शेकडो घरांत पाहिली आहे, तुम्हाला दोष देत नाही. पण 'व्यायाम आयुष्यभर करता येतो' हे माझ्या अनुभवाच्या अगदी उलट आहे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी ज्याचा सुटला, त्याने पुन्हा धरलेला मी क्वचित पाहिला. बहुतेक जण चाळिशीत डॉक्टरांनी दटावलं की धरतात. आणि नियमाचं म्हणाल तर सीबीएसईने २०१८-१९ पासून नववी ते बारावीला आरोग्य आणि शारीरिक शिक्षण सक्तीचं केलं आहे, रोज एक तास. त्यात चार भाग आहेत: खेळ, आरोग्य आणि तंदुरुस्ती, 'सेवा' नावाखाली समाजोपयोगी काम, आणि प्रत्येक मुलाचं आरोग्याचं कार्ड. लेखी पेपर नाही. पेपर नाही म्हणूनच त्या तासावर सगळ्यांचा डोळा. गुजरात बोर्डातही नववी-दहावीला योग, स्वास्थ्य आणि शारीरिक शिक्षण हा विषय आहे. तेव्हा तो तास म्हणजे उरलेली जागा नव्हे, की ज्याला लागेल त्याने उचलावी.

आता रावपुरेकरीण ताईंचा प्रश्न. तास कुणाचा? लिंबाखाली बसलेल्या चाळीस जणांचा. टीममधली दहा मुलं मी नसतो तरी खेळलीच असती. हे मला कळायला दहा वर्षं लागली, आणि त्या दहा वर्षांत बसून राहिलेली मुलं आजही आठवतात. चूक साधी होती. एक चेंडू आणि पन्नास मुलं. चेंडू पायात येणार तो ज्याला खेळता येतं त्याच्याच. बाकीचे उभे, मग टेकलेले, मग बसलेले, आणि दिवाळीनंतर तर मैदानावर येतानाच पुस्तक घेऊन येणारे.

पुढे मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली, वहीत 'आली-बसली' लिहिणं बंद. त्याऐवजी प्रत्येकाच्या नावापुढे त्याचेच आकडे. सरकारच्या खेलो इंडियाच्या तंदुरुस्तीच्या चाचण्या आहेत ना, मोठ्या मुलांसाठी: ५० मीटर धाव, ६०० मीटर धावत-चालत, पाय लांब करून पुढे वाकणं, अर्ध्या मिनिटात पोटाचे अर्धे उठाव, पुशअप, आणि उंची-वजन. त्यांना ना मोठं मैदान लागतं ना सामान. मी जूनमध्ये घ्यायचो आणि डिसेंबरमध्ये परत. आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत, भिंतीवर लावायचे नाहीत. ज्याचे त्याला एकट्याला बोलावून दाखवायचे. ६०० मीटरला पाच मिनिटं घेणारा मुलगा सव्वाचारवर आला की त्याचा चेहरा बघा. वर्गातला पहिला मुलगा अडीच मिनिटांत धावतो याच्याशी त्याला काही देणं-घेणं नसतं.

दुसरी गोष्ट, खेळच असे निवडले की कुणाला उभं राहता येऊ नये. खो-खो घ्या. आठ जण पाटीत बसलेले, पण बसलेला प्रत्येक जण टाचा उचलून तयार, कारण 'खो' कधी पाठीवर पडेल सांगता येत नाही. बसलेलं मूलही खेळात असतं, असा दुसरा खेळ मला माहीत नाही. लंगडी, आट्यापाट्या, हुतूतू, सगळे बिनसामानाचे. आणि आपण तर बडोद्याचे! हुतूतूचे नियम छापून त्याच वर्षी अखिल भारतीय स्पर्धा भरवणारा हिंद विजय जिमखाना इथलाच, साल १९२३. इथले व्यायामगुरू प्रो. माणिकराव, त्यांनी इंग्रजी कवायतीच्या आज्ञा बाजूला ठेवून आपल्या भाषेतल्या आज्ञांवर संघव्यायाम बसवला तोही इथेच. संघव्यायाम म्हणजे काय, तर शेवटच्या रांगेतल्या मुलाचाही हात त्याच क्षणी वर गेला पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी जे कळलं होतं ते आपण घालवून बसलो, याचं फार दुःख होतं.

हौदा
रविवार, सकाळी ९:०५

सर, नमस्कार. तुमचं शेवटचं वाक्य थेट लागलं. मी दांडिया बाजारच्या बाजूलाच वाढलो, आखाड्यात जातो. आखाड्याचे जुने गुरू जुम्मादादा, त्यांचे शिष्य माणिकराव, आणि माणिकरावांकडे तयार झालेले स्वामी कुवलयानंद, ज्यांनी पुढे १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. ही सगळी साखळी आपल्या गावातून गेलेली, पण नववीतल्या मुलाला विचारा, त्याला फक्त कमाटीबागेच्या म्युझियममधला गामा पहिलवानाचा दगड माहीत असतो. १९०२ मध्ये गामाने उचलला म्हणून दाखवतात तो. सहलीला आलेली मुलं त्याच्याभोवती जमतात, फोटो काढतात आणि मनात पक्कं करतात की व्यायाम हे असल्या राक्षसी माणसांचं काम, आपलं नाही.

आमच्याकडे नवीन मूल आलं की पहिला आठवडा मल्लखांबाला हातसुद्धा लावू देत नाही. फक्त गादीवर उडी मारून उतरणं. गुडघे मऊ ठेवून, आवाज न करता. जे मूल आवाज न करता उतरतं ते पडलं तरी मोडत नाही. मग एक दिवस एरंडेल चोळलेल्या खांबाला पहिली मिठी. तो तेलाचा वास हाताला रात्रीपर्यंत राहतो. मुलींना दोरीचा मल्लखांब फार आवडतो, आणि शाळेत धड पळू न शकणाऱ्या दोन मुली आज दोरीवर छान बसतात. ताई, मुलीचं रक्त वाढलं की एकदा घेऊन या. नुसतं बघायला.

बाळगुटी
रविवार, दुपारी २:२०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाचा उपचार करत नाही, सर्वसाधारण माहिती देते.

९.४ म्हणजे मध्यम प्रमाणाचा ॲनिमिया. या वयाच्या मुलीला १२ च्या वर हवं. ताई, स्वतःला दोष देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या देशभरातल्या मुलींपैकी ५९.१ टक्के ॲनिमियात सापडल्या, आणि त्याच वयाची मुलं ३१.१ टक्के. म्हणजे तुमच्या मुलीच्या वर्गात ती एकटी असण्याची शक्यताच कमी. लिंबाखाली बसणाऱ्यांत अजून किती जणींचं रक्त कमी आहे हे कुणी तपासलंय का? आपण त्यांना आळशी म्हणतो. त्यांना जिना चढताना धाप लागते, डोकं दुखतं, वाचलेलं लक्षात राहत नाही.

का होतं? याच वर्षांत उंची झपाट्याने वाढते, पाळी सुरू झालेली असते, आणि खाणं नेमकं याच वयात बिघडतं. या वयाच्या मुलीला दिवसाला साधारण ३० मिलिग्रॅम लोह लागतं, मुलाला २२. बाजरी, नाचणी, मटकी, चवळी, अळीव, हिरव्या पालेभाज्या, चालत असेल तर मांस. उसळीवर लिंबू जरूर पिळा, त्याने लोह अंगी लागतं. आणि जेवणाला लागून चहा नको, तासभर जाऊ द्या. आपल्या घरांतून शाळेतून आल्या आल्या चहा-भाकरी किंवा चहा-ठेपला हे जे चालतं, ते या मुलींच्या मुळावर येतं. नुसत्या गुळाच्या खड्याने ९.४ चं १२ होत नाही, गोळीच लागते. सरकारची आठवड्याला एक निळी गोळी असते, लोह आणि फॉलिक ॲसिडची, १० ते १९ वयासाठी, आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी. निळी गोळी जेवणानंतर घ्यायची. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. पण ती प्रतिबंधासाठी आहे. तुमच्या मुलीला उपचाराचा डोस लागेल आणि रक्त भरल्यावरही तो काही महिने चालू ठेवावा लागेल, मध्येच सोडू नका. महिन्याभराने हिमोग्लोबिन हललंच नाही तर थॅलेसेमिया मायनर आहे का हे डॉक्टरांना विचारा. गुजरातेत काही समाजांत तो बराच आढळतो आणि त्याला लोहाने काही होत नाही.

दहावीचे बाबा, तुमच्या मुलाची झोप साडेसहा तासांची होतेय. या वयाला आठ ते दहा लागते. आधी तेवढं बघा, बाकीचं मग बोलू.

गणिताची बेन
रविवार, रात्री ८:४०

मी नववी-दहावीला गणित शिकवते. पीटीचे तास मी घेतले आहेत, बरेच घेतले आहेत. पोर्शन संपत नाही, वरून विचारणा होते, आणि सगळ्यात मऊ तास तोच असतो. पीटीचे सर बिचारे नाही म्हणत नाहीत.

पण एक सांगते. पीटीनंतर लगेच माझा तास असेल तर मुलं घामेजलेली येतात, पाच मिनिटं गलका, मग शांत बसून नीट गणितं सोडवतात. ज्या दिवशी पीटी घेऊन मी सलग दोन तास शिकवते, त्या दिवशी दुसऱ्या तासाला अर्धा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो. हे मला दिसत होतं, तरी घेत राहिले. या टर्मपासून नाही घेणार. इथे लिहिलंय म्हणजे मला पाळावं लागेल.

फेरफटका
सोमवार, सकाळी ११:१०

फिजिओथेरपिस्ट. मुलांबद्दलही थोडं लिहिते, कारण धागा मुलींकडे वळलाय.

माझ्याकडे १३-१५ ची मुलं तीन प्रकारची येतात. एक, गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आल्यासारखं दुखणारी. ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला. हाड भराभर वाढतं, मांडीचा स्नायू मागे राहतो आणि जिथे तो नडगीला जोडलेला असतो तिथे ओढ बसते. उड्या आणि पळणं काही दिवस कमी करायचं, मांडीला ताण द्यायचे, बर्फ लावायचा. वाढ थांबली की बहुतेकांचं जातं. पण पीटीच्या सरांना हे माहीत नसलं की ते म्हणतात नाटक करतोय, आणि घरचे म्हणतात कायमचा खेळ बंद. दोन्ही चूक.

दोन, क्रिकेटवाले. पठाण बंधू आणि पंड्या बंधू या गावचे, त्यामुळे दर दुसऱ्या घरात एक फास्ट बॉलर. चौदाव्या वर्षी कंबर दुखतेय आणि मुलगा शाळा, क्लब, कोचिंग अशा तीन ठिकाणी बॉलिंग टाकतोय. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या वाढत्या मुलाची पाठ दोन-तीन आठवडे दुखत राहिली तर मलम लावून खेळवू नका. मणक्याच्या हाडाला बारीक तडा असू शकतो.

तीन, जिमवाले. वजनं उचलली तर उंची खुंटते हा समज खोटा आहे. शिकवणारा समोर असेल, वजन हलकं असेल आणि ढब बरोबर असेल तर या वयात ताकदीचे व्यायाम चांगलेच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते, आणि हाडं-स्नायू बळकट करणारी आठवड्यात तीन दिवस. दंड-बैठका यातच आल्या. मात्र पावडरचे डबे नकोत. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. डाळ, दूध, दही, शेंगदाणे, अंडी यांतून ती होतात. डब्याच्या पैशांत महिनाभराचं दूध-अंडी येतील.

रावपुरेकरीण
मंगळवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेक माझ्या शेजारी येऊन झोपली. अंधारात बोलली.

रक्त कमी होतं ते खरंच, पण बसण्याचं कारण ते नव्हतं. पीटीच्या दिवशी त्यांचा गणवेश पांढरा असतो. पांढरा टीशर्ट, पांढरी पँट. आठवीत एका मुलीच्या पँटला डाग पडला होता, मैदानावर, सगळ्यांसमोर. मुलांनी पुढे दोन महिने तिला त्यावरून चिडवलं. त्या दिवसापासून माझी लेक, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली, पाळी असो नसो, पांढऱ्या पँटमध्ये पळतच नाहीत. पाळी कधी येईल याचा या वयात भरवसा नसतो. चिठ्ठ्या त्या एकमेकींना लिहून देतात. प्रत्येकीचं अक्षर वेगळं, म्हणून सरांना संशय येत नाही.

मला रडू आलं. एका कापडाच्या रंगासाठी वर्षभर बसून राहिल्या.

अवखळ
बुधवार, सकाळी ७:२०

ताई, मी एम. एस. युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहे. माझंही नववी-दहावीत हेच. दोन पँट एकावर एक घालून जायचे, मे महिन्यातल्या उकाड्यातसुद्धा. विम्बल्डनने २०२३ पासून बायकांना पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची शॉर्ट्स घालायला परवानगी दिली. एवढ्या जुन्या स्पर्धेला जमलं ते आपल्या शाळेला का जमू नये?

शिट्टी
बुधवार, सकाळी ८:०५

ताई, तुमचं वाचून सुन्न झालो. ३१ वर्षं पांढऱ्या गणवेशाचा मी आग्रह धरला. शिस्त, टापटीप, पांढराशुभ्र संघ. किती मुली त्यामुळे बसल्या असतील याचा हिशेब माझ्या कुठल्याच वहीत नाही.

काय करता येईल ते सांगतो. मुख्याध्यापकांकडे एकट्या जाऊ नका, पाच-सहा पालक मिळून जा, वडीलही असू द्यात. मागणी एकच ठेवा: पीटीची पँट गडद निळी किंवा काळी, मुलगे-मुली सगळ्यांना सारखीच. मुलींनाच वेगळी केलीत तर तीही एक खूण होऊन बसेल. सोबत, पीटीच्या खोलीत एखाद्या बेनच्या ताब्यात पॅड आणि एक जादा पँट. आणि मैदानाजवळच्या बाथरूमला कडी आणि पाणी.

बाळगुटी
बुधवार, दुपारी १:५०

सरांना अनुमोदन. एक भर. पाळीत खेळू नये असं काही नाही. हलक्या व्यायामाने पोटातल्या कळा कित्येकींना कमी होतात. ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी तिने नाही म्हणावं आणि कारण विचारलं जाऊ नये. मात्र दर महिन्याला शाळा बुडवण्याइतकं दुखत असेल किंवा दर दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, तर ते 'चालायचंच' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी होण्याचं मूळ कित्येकदा तिथेच असतं.

आणि हे मुलग्यांनाही शिकवा. आरोग्याच्या तासात, वर्गात, मुलं-मुली एकत्र. चिडवणारी ती मुलं वाईट नव्हती, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दहावीचे बाबा
बुधवार, रात्री ९:१५

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत नाही, बाळगुटी ताई. काही गोष्टी घरात आईने सांगाव्यात, असं मला अजून वाटतं. पण पँटच्या अर्जावर माझी सही घ्या. माझी धाकटी सातवीत आहे.

अवखळ
गुरुवार, रात्री १०:००

एक विषय कुणीच काढला नाही, नोरतां, म्हणजे नवरात्र! ज्या मुली पीटीत ६०० मीटर पळत नाहीत त्याच नऊ रात्री अनवाणी तीन-तीन तास गरबा खेळतात. आमच्या शाळेत एका बेनने हे हेरलं होतं. ऑगस्टपासून पीटीच्या तासाला आठवड्यातून एकदा गरब्याची प्रॅक्टिस. आधी बे ताळी (दोन टाळ्यांचा गरबा), मग त्रण ताळी (तीन टाळ्यांचा), मग वेग वाढवत हींच हा जलद प्रकार. कडुलिंबाखाली एकही मुलगी उरायची नाही. मुलगेसुद्धा लाजत लाजत यायचे. पंधरा मिनिटांनी नाडीवर बोट ठेवून ठोके मोजायला लावायच्या आणि वहीत लिहायला सांगायच्या. नोरतां सुरू होईपर्यंत तेवढ्याच वेगाला ठोके कमी पडायला लागायचे. हृदय बळकट होतं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून नाही, माझ्याच मनगटावर कळलं.

फेरफटका
शुक्रवार, सकाळी १०:३०

अवखळ, किती छान! नोरतांनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे घोट्यांच्या आणि पोटऱ्यांच्या दुखण्यांची रांग लागते, कारण वर्षभर न हललेले पाय एकदम डांबरावर नऊ रात्री. दीड-दोन महिने आधीपासून असा सराव झाला तर ती रांग अर्धी होईल. टाचा उचलून उभं राहण्याचे वीस-वीस उठाव रोज, दात घासताना करा. गरब्याला बळ तिथूनच येतं. आणि ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी उपाशीपोटी गोल गोल फिरू नये. उपास असेल तर राजगिरा, दाणे, दूध, काहीतरी पोटात असू द्या.

रावपुरेकरीण
रविवार, रात्री ८:१०
(दोन महिन्यांनी)

मंडळी, काही जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं, म्हणून सगळ्यांसाठी इथेच लिहिते.

आम्ही नऊ पालक गेलो होतो. दहावीचे बाबा सातवीतल्या लेकीसाठी तिच्या शाळेत वेगळा अर्ज देऊन आले. आमच्या मुख्याध्यापिका बेन आधी म्हणाल्या, वर्षाच्या मध्यात गणवेश बदलता येत नाही, पालकांवर खर्च पडतो. आम्ही म्हटलं, नवीन घ्यायला लावू नका. ज्याच्या घरी जी गडद ट्रॅकपँट आहे ती चालवून घ्या, नवीन पुढच्या जूनपासून. तेवढ्यावर हो म्हणाल्या. बाथरूमची कडी अजून बसलेली नाही, दर सोमवारी विचारते.

लेकीचं हिमोग्लोबिन ११.१. डॉक्टर म्हणाले, अजून चालू ठेवा. चहा तिने स्वतःच सोडला, मी नाही सांगितलं. गरब्याला चार रात्री गेली, मध्ये मध्ये बसून का होईना. पीटीच्या सरांना शिट्टी सरांची आकड्यांची पद्धत लिहून दिली होती. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्या वर्गाची ६०० मीटर घेतली. लेकीला ४ मिनिटं ५० सेकंद लागली, त्यातला शेवटचा फेरा चालत. तिने तो आकडा माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवलाय, आणि मार्चच्या पानावर आधीच एक रिकामी चौकट काढलीय.

हौदा दादा, दोरीचा मल्लखांब बघायचाय म्हणतेय. कधी आणू?

हौदा
रविवार, रात्री ८:४०

उद्याच आणा, संध्याकाळी साडेपाचला. मुलींचा वर्ग तेव्हाच असतो. गडद ट्रॅकपँट, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट (दोरीने दंडाला खरचटतं), केस घट्ट बांधून, नखं कापून. आणि चार वाजता काहीतरी खाऊन येऊ दे.